हिग्ज ‘दिसला’ म्हणजे नेमकं काय दिसलं?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, ते आधी सुटे करतो. एक, हिग्ज बोसॉन हा 2012 मध्ये सापडलेला कण जन्मल्याबरोबर मरतो, तर तो दिसला कसा? दोन, तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत म्हटलंय की हे प्रयोग करणारे लोक 99.99 टक्के डेटा फेकून देतात आणि हवं तेवढंच ठेवतात, ते खरं का? आणि तीन, शोध जाहीर करायला लागणारा ‘पाच सिग्मा’ हा आकडा कोणी ठरवला? सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत एलएचसी नावाच्या यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात, तिथल्या सीएमएस प्रयोगावर मी पीएचडी केली, पुढे काही वर्षं तिथेच होतो, आता पुण्यात वेगळ्याच कामात आहे. त्यामुळे बाजू घेण्याचं कारण उरलेलं नाही, जुनी माया सोडली तर.

हिग्जचं आयुष्य दशांशचिन्हापुढे 21 शून्यं देऊन मग एक लिहावा, साधारण तेवढे सेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा प्रोटॉनच्या रुंदीच्या पंचवीस-तीस पट अंतर जातो, बस्स. म्हणजे टकरीभोवती बसवलेल्या मोजयंत्रापर्यंत, डिटेक्टरपर्यंत, हिग्ज पोचतच नाही. तो कोणीही पाहिलेला नाही, आणि कोणी पाहणारही नाही. डिटेक्टरला मिळतात त्याची पोरं: कधी दोन फोटॉन (प्रकाशाचे कण), कधी चार म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) किंवा इलेक्ट्रॉन. त्यातला दोन फोटॉनचा मार्ग घेऊ. हजारात जेमतेम दोन हिग्ज त्या वाटेने जातात, पण मोजायला ती वाट स्वच्छ.

समजा एका टकरीतून 80 आणि 60 जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) ऊर्जेचे दोन फोटॉन निघाले आणि त्यांच्यातला कोन 129 अंश भरला. दोन्ही ऊर्जांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा, त्याला (1 वजा कोनाचा कोसाइन) याने गुणा आणि वर्गमूळ काढा. उत्तर 125 च्या आसपास येतं. दोन्ही फोटॉन एकाच आईचे असतील तर हे तिचं वस्तुमान. दुसऱ्या टकरीत ऊर्जा वेगळ्या, कोन वेगळा, पण आई हिग्ज असेल तर उत्तर पुन्हा 125. फोटॉन नुसतेच योगायोगाने एकत्र आलेले असतील तर उत्तर वाटेल ते येतं.

आणि असे योगायोगवालेच जास्त. एलएचसीवरच्याच अॅटलास या दुसऱ्या प्रयोगाच्या 2012 च्या नमुन्यात 100 ते 160 जीईव्हीच्या पट्ट्यात सुमारे 59 हजार फोटॉन-जोड्या होत्या. त्यात हिग्जच्या अपेक्षित होत्या 170 च्या आसपास. एकेका जोडीकडे बोट दाखवून ‘ही हिग्जची’ असं कधीच म्हणता येत नाही. म्हणता येतं ते एवढंच, की सगळ्या जोड्यांची उत्तरं मांडलेल्या उतरत्या आलेखावर 125 पाशी एक टेकाड उभं आहे आणि ते उताराच्या नेहमीच्या खडबडीतपणाने समजावता येत नाही. 4 जुलै 2012 ला जाहीर झालं ते हे टेकाड, शिवाय चार लेप्टॉनच्या (म्हणजे वरच्या म्युऑन-इलेक्ट्रॉनच्या) आलेखातलं तसंच दुसरं. दोन वेगळे प्रयोग, दोन वेगळे डिटेक्टर, आणि टेकाड एकाच जागी.

आता ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही ते सांगतो. हे सगळं उभं असतं मोजपट्टीवर. सीएमएसमध्ये फोटॉनची ऊर्जा मोजायला लेड टंगस्टेटचे 75,848 स्फटिक आहेत. दिसायला काचेच्या जाडसर कांडीसारखे, वीतभर लांब, आरपार दिसणारे. पण हातात घेतला की मनगट खाली जातं, कारण दीड किलोच्या आसपास वजन. घनता लोखंडापेक्षा जास्त. फोटॉन आत शिरला की बारीकसा प्रकाश चमकतो आणि तो मोजला की ऊर्जा कळते. गंमत अशी, की टकरींच्या किरणोत्सर्गाने हे स्फटिक हळूहळू काळवंडतात आणि मशीन थांबलं की पुन्हा थोडे उजळतात. म्हणजे सकाळची मोजपट्टी आणि रात्रीची मोजपट्टी वेगळी! म्हणून टकरी चालू असतानाच लेझरचे ठोके देऊन प्रत्येक स्फटिक किती धुरकटला ते सतत तपासावं लागतं. ही दुरुस्ती केली नाही तर टेकाड पसरतं आणि उतारात विरघळून जातं. हिग्ज असूनही दिसत नाही.

बरं, दुरुस्ती बरोबर झाली हे कशावरून? त्यासाठी झेड बोसॉन हा आधीपासून माहीत असलेला कण. तो इलेक्ट्रॉनच्या जोडीत फुटतो, आणि स्फटिकात इलेक्ट्रॉन जवळपास फोटॉनसारखाच वागतो. झेडचं शिखर 91.19 जीईव्हीवर आलं पाहिजे. नाही आलं तर चूक आपली. आणि झेडचा हा आकडा इतका पक्का कसा, तर तो एलएचसीच्याच 27 किलोमीटरच्या बोगद्यात आधी असलेल्या लेप या जुन्या टक्कर-यंत्राने मोजला, लाखात दोन-तीन भाग इतक्या अचूकतेने. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की चंद्राच्या ओढीने जमीन फुगते आणि बोगद्याचा परीघ मिलिमीटरभर बदलतो, तेवढ्यानेही किरणाची ऊर्जा हलते. पुढे एक गोंधळ असा सापडला की ठरावीक वेळी आकडे थरथरायचे आणि मध्यरात्रीनंतर शांत व्हायचे. कारण निघालं जवळून जाणाऱ्या टीजीव्ही या वेगवान फ्रेंच रेल्वेगाड्यांच्या जमिनीत झिरपणाऱ्या विजेचं. मला विचाराल तर या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही, हिग्जपेक्षाही.

डेटा फेकण्याबद्दल. हो, फेकतात, आणि व्हिडिओवाल्याने सांगितलं त्यापेक्षा जास्तच फेकतात. एलएचसीत सेकंदाला साधारण चार कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांना छेदतात. पहिली चाळणी इलेक्ट्रॉनिक्सची, काही मायक्रोसेकंदांत निर्णय देणारी. ती एक लाखापर्यंत आणते. दुसरी संगणकांची, तिथून हजाराच्या घरात घटना साठवल्या जातात. चाळीस हजारांत एक. पण निवडीचे नियम आधी लिहिलेले असतात: ‘इतक्या ऊर्जेचे दोन फोटॉन असतील तर ठेव’. कोणी आलेख बघून निवडत नाही. सुपात पाखडताना बाई दाणा न् दाणा बघत नाही, झटक्याचा हिशोब आधीच हातात बसलेला असतो, तसं. शिवाय नियमांवर लक्ष ठेवायला थोड्या घटना काहीही न बघता, नुसत्याच उचलल्या जातात.

तरी व्हिडिओतल्या आरोपात एक कण खरा आहे. एखादा नवा कण अशा तऱ्हेने फुटत असेल ज्याचा नियमच कोणी लिहिलेला नाही, उदाहरणार्थ दोन मीटर चालून मग मध्येच फुटणारा, तर तो वर्षानुवर्षं फेकला गेला असू शकतो. अशा दीर्घायुषी कणांसाठी अलीकडे मुद्दाम वेगळे नियम लिहिले जातात. म्हणजे लबाडी नाही, पण आंधळी जागा आहे.

सिग्मा हे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचं माप. शोध म्हणायला असे पाच लागतात हा नुसता संकेत आहे, निसर्गाचा नियम नाही. नवं काही नसताना निव्वळ योगायोगाने तेवढं टेकाड येण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक. एवढी कडक अट कशाला? मैदानावर हजार मुलांना दहा-दहा वेळा नाणं उडवायला सांगा. एकाला तरी दहाही वेळा छापा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. त्या एका मुलाला स्टेजवर आणून ‘याच्या हाताला गुण आहे’ म्हणणं जितकं बरोबर, तितकंच शेकडो आलेखांतलं एक टेकाड उचलून नाचणं बरोबर. डिसेंबर 2015 मध्ये नेमकं हेच झालं. दोन फोटॉनच्याच आलेखात 750 जीईव्हीपाशी दोन्ही प्रयोगांना काहीतरी दिसलं. अॅटलासचा आकडा 3.6 सिग्मा, सीएमएसचा 2.6. पण ‘कुठेही दिसलं असतं तरी आपण उड्या मारल्या असत्या’ हे हिशेबात धरल्यावर ते अनुक्रमे दोन आणि सव्वाच्या आसपास उरत होते. तरीही त्यावर काही महिन्यांत पाचशेच्या वर शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट 2016 मध्ये कितीतरी पट जास्त डेटा आला आणि टेकाड सपाट झालं. कोणाची चूक नव्हती. नाणंच तसं पडलं होतं.

माझं स्वतःचं टेकाड मात्र चुकीचंच होतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका आलेखाच्या शेवटच्या टोकाला, जिथे एखाद-दुसरी घटना अपेक्षित, तिथे मला सहा दिसल्या. रात्रभर झोप नाही. सकाळी मार्गदर्शकांना दाखवलं, ते शांतपणे म्हणाले, “यादी छाप.” छापली. रन क्रमांक, घटना क्रमांक, ओळीने सहा. पहिली आणि चौथी एकच. दुसरी आणि पाचवी एकच. एक फाइल मी दोनदा वाचली होती.

आणि म्हणूनच सिग्मावर माझा पूर्ण भरवसा नाही. सिग्मा योगायोगापासून वाचवतो, मोजपट्टीच्या चुकीपासून नाही. अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने 2022 मध्ये डब्ल्यू बोसॉन या कणाचं वस्तुमान 80,433.5 एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग) दिलं, अनिश्चितता फक्त 9.4 ची, म्हणजे सिद्धांतापासून सात सिग्मा दूर! पाचाच्या नियमाने तर क्रांतीच. पण 2024 मध्ये सीएमएसने जवळपास तितक्याच अचूकतेने 80,360.2 मोजलं, सिद्धांताला अगदी चिकटून. दोन्ही एकदम बरोबर असणं फार अवघड. माझा कौल सीएमएसकडे, कारण अॅटलासचा आकडाही त्याच बाजूला आहे. जुन्या घराचा अभिमान थोडा असेलही. (सीएमएसचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांची ऊर्जा मोजणारा भाग, बांधण्यात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, हे इथे अनेकांना माहीत नसतं.)

विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. सर्नच्या ओपन डेटा संकेतस्थळावर सीएमएसचा खरा डेटा फुकट आहे. म्युऑनच्या जोड्यांची फाइल उतरवा, पायथनच्या वीसेक ओळींत वरचं सूत्र लावा आणि आलेख काढा, आडवा अक्ष लॉगमध्ये. 3.1 ला एक शिखर येईल, 91 ला झेडचं. मग 9 ते 11 च्या मधे मोठं करून बघा. तिथे शेजारी शेजारी तीन शिखरं असायला हवीत. एकच जाड ढीग दिसला, तर आधी आलेखाचे रकाने बारीक करा. तरीही तिन्ही सुटी होत नसतील, तर ज्या जोड्यांतले दोन्ही म्युऑन डिटेक्टरच्या मधल्या भागात आहेत तेवढ्याच ठेवा. कडेला गेलेल्यांचं मोजमाप ढिलं असतं.