हातात धरून सोडवायची कोणती कोडी लोकांना सर्वाधिक आवडतात, आणि का?

रुबिक क्यूब, सरकवायचे पंधरा आकडे, एकमेकांत अडकलेले लाकडी तुकडे, तारेची कोडी हे नेहमीचे आवडते प्रकार. माझं मत मात्र कड्यांच्या कोड्याला, म्हणजे दांड्यावरून ओळीने सगळी कडी सोडवायच्या कोड्याला.

त्याचा नियम एवढाच: टोकाचं पहिलं कडं केव्हाही काढता-घालता येतं. बाकीचं कुठलंही कडं हलवायला त्याच्या लगेच आधीचं दांड्यावर हवं आणि त्याआधीची सगळी उतरलेली हवीत. 5 कड्यांना 21 चाली लागतात, 7 ला 85, 9 ला थेट 341! एक चाल पहिल्या कड्याची, पुढची दुसऱ्या कुठल्यातरी कड्याची, असं आलटून पालटून चालायचं. कडी विषम असतील तर सुरुवात पहिल्यापासून, सम असतील तर दुसऱ्यापासून. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. 5 कड्यांत दुसऱ्यापासून सुरुवात केली तर 10 चालींनी फक्त शेवटचं कडं उरतं आणि ते निघत नाही. मग आल्या वाटेने परत फिरावं लागतं.

आवडण्याचं कारणही यातच आहे. पुढे जायला काढलेलं कडं पुन्हा घालावं लागतं, आणि ते मनाला पटायला वेळ लागतो. पटलं की मग बोटं आपोआप लयीत चालतात.

क्यूबबद्दल एक सांगतो: सुटा करून कसाही जोडला, तर तो सुटण्याजोगा असण्याची शक्यता 12 पैकी 1 असते. म्हणून सोडवलेल्या स्थितीतच जोडा.