ट्रिगर दाबला की नुसतं 'टक्'!

प्रश्न : दादा, माझ्याकडे गॅसवर चालणारी एअरसॉफ्ट रायफल आहे (प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी), ब्लोबॅकवाली, म्हणजे प्रत्येक शॉटला गॅसने बोल्ट मागे झटकणारी. तीन-चार महिने तशीच पडून होती. परवा गारठ्यात भल्या सकाळी काढली, मॅगझिनमध्ये ग्रीन गॅस भरला, बीबी (त्या छोट्या गोळ्या) भरले, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) ओढलं आणि ट्रिगर दाबला तर नुसतं टक्. बीबी नाही, झटका नाही, काही नाही. परत गॅस भरला तरी तेच. मित्र म्हणतो ट्रिगर बॉक्स खोल. खोलू का?

उत्तर : अजिबात नको, स्क्रू ड्रायव्हर आधी बाजूला ठेव. मी पण एकदा असाच पिना काढत दोन तास बसलो होतो, स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली ती वेगळीच, आणि शेवटी निघालं काय तर मॅगझिनमध्ये गॅसच नव्हता. या रायफलीत अर्धं इंजिन मॅगझिनमध्येच असतं, त्यामुळे पहिला संशय कायम मॅगझिनवर घ्यायचा.

आणि तू लिहिलंयस ना 'टक्', तीच तर चांगली खूण आहे. म्हणजे हॅमर (ट्रिगर दाबल्यावर आपटणारी आतली हातोडी) पडतोय. टक् पण आलं नसतं तर म्हटलं असतं सेफ्टी बघ, नाहीतर हॅमर चढलाच नाहीये. आता पुढे काय व्हायला पाहिजे ते बघ, हॅमर नॉकरला (मधल्या छोट्या दांडीला) मारतो, नॉकर मॅगझिनच्या मागच्या व्हॉल्व्हचं बटण आत दाबतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, गॅस वरच्या रबरातून नोझलमध्ये जातो, आधी बीबी पुढे ढकलतो आणि मग बोल्ट मागे. तुझ्याकडे ही साखळी हॅमरनंतर कुठेतरी तुटतेय.

कुठे ते अर्ध्या मिनिटात कळतं. चष्मा लाव (डोळ्यावरचा, संरक्षणाचा, नंबरचा नाही), मॅगझिन बाहेर काढ, बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये बीबी अडकलेला नाही ना बघ, आणि नळीत समोरून डोळा घालून बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मग मॅगझिन सरळ उभं धर, तोंड माणसांपासून लांब, आणि व्हॉल्व्हचं बटण प्लॅस्टिकच्या काडीने झटकन दाबून सोड. जोरात फट्ट झालं तर मॅगझिन ठीक आहे. मरतुकडं फुस्स झालं किंवा काहीच नाही, तर गॅस नाही, गार पडलाय किंवा गळून गेलाय.

मला तुझ्या केसमध्ये गारठाच दिसतोय. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन, त्यात थोडं सिलिकॉन तेल. 20 अंशांना त्याचा दाब हवेच्या दाबाच्या 8 पटींच्या वर असतो, 0 अंशांना 5 पटींच्या आत येतो. शिवाय द्रवाची वाफ होताना तो मॅगझिनमधलीच उष्णता ओढून घेतो, म्हणून भराभर गोळ्या मारल्या की मॅगझिन हाताला बर्फासारखं लागतं आणि नंतरचे शॉट ढिले पडतात. उपाय साधा, मॅगझिन दहा मिनिटं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव. शेगडी, हेअर ड्रायर, उकळतं पाणी यांच्या नादाला लागू नको, आत दाबाखाली ज्वालाग्राही गॅस आहे.

गंमत म्हणजे कडक उन्हात नेमकं उलटं होतं. दाब इतका वाढतो की व्हॉल्व्ह आतून घट्ट दाबला जातो, हॅमरला तो उघडताच येत नाही, आणि आवाज तोच येतो, टक्! तेव्हा थोडा गॅस सोडून मॅगझिन सावलीत ठेवायचं.

भरण्यात पण लोक चुकतात. मॅगझिन उलटं, गॅसचा डबा पण उलटा, नोझल सरळ दाबून काही सेकंद धरायचं, तरच द्रव आत जातो. तिरकं धरलंस तर सगळा बाहेर फुर्र, आणि आपल्याला वाटतं भरला. डबा मॅगझिनपेक्षा जरासा कोमट असेल तर जास्त भरतं. पण ठासून पण भरू नको, वाफेला जागाच राहिली नाही तर द्रव पिचकारीसारखा उडतो आणि शॉटमध्ये दम नसतो.

गळतीचा संशय असेल तर बीबी काढून मॅगझिन पाण्याच्या बादलीत बुडव, बुडबुडे कुठून येतात ते बघ. महिनोन् महिने रिकामं ठेवलं की ओ-रिंग (गॅस अडवणाऱ्या रबरी चकत्या) सुकतात, तुझं बहुतेक तेही झालं असेल. खालच्या फिल व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब टाक, मग गॅस भर, तो तेल आत ओढून नेतो. घरातला गंज काढायचा स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही, त्यातल्या पेट्रोलियमने रबर फुगतं. तरी गळलं तर ओ-रिंगच बदल. आणि पुढच्या वेळी ठेवताना मॅगझिनमध्ये थोडासा गॅस राहू दे.

मॅगझिनने फट्ट केलं आणि रायफलीत मात्र टक्, तर मग मॅगझिन पूर्ण बसलंय का बघ, खाली ओढून बघ हलतं का. मॅगझिन अडकवून धरणारा कॅच झिजलेला असेल तर मॅगझिन केसभर खाली राहतं आणि नॉकर बटणाला नीट लागत नाही. हँडल हळू सोडायची सवय असेल तर बोल्ट पुढे अर्धवट बसतो, म्हणून ओढून झटक्यात सोड. एवढं करूनही हललं नाही, तर नॉकर किंवा हॅमरची स्प्रिंग गेलीय, तेव्हा मॉडेलचा एक्स्प्लोडेड डायग्राम (सगळे भाग सुटे दाखवणारं चित्र) समोर ठेवून मगच खोल, मित्राच्या आठवणीवर नको.

प्रश्न : बोल्ट मस्त मागेपुढे होतो, आवाज पण दणदणीत, पण बीबी बाहेर येतच नाही. गॅस बदलू का? लायटरचा गॅस चालेल?

उत्तर : गॅसचा काही दोष नाही. हॉप-अप (बीबीला उलटी फिरकी देणारं नळीतलं रबर) जास्त घट्ट केलाय किंवा बीबी त्याच रबरात अडकलाय. मॅगझिन काढ, हॉप पूर्ण शून्यावर आण, बोल्ट मागे ठेव आणि क्लिनिंग रॉड पुढून हलकेच घालून बीबी मागे ढकल. लायटरचा गॅस म्हणजे ब्युटेन, 20 अंशांना त्याचा दाब हवेच्या जेमतेम दुप्पट, बोल्ट नीट मागे पण जाणार नाही. आणि कोणी सीओ-टू (कार्बन डायऑक्साइड) भरायला सांगितलं तर ग्रीन गॅसच्या मॅगझिनमध्ये चुकूनही नको, 20 अंशांना त्याचा दाब हवेच्या 57 पटींच्या आसपास असतो.