पन्नाशीत प्रार्थनेत मन लागत नाही, म्हणजे माझी श्रद्धा संपली का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय एकोणपन्नास आहे, पाळी मागेपुढे होतेय, मुलगा परदेशी गेला, आणि इतकी वर्षं न चुकलेली रोझरीची माळ आता हातात धरवत नाही. देवानं मला सोडलं की मी देवाला, असं तुम्ही विचारता. मी वसईची, कॅथलिक, तुमच्याहून चार वर्षांनी मोठी. ह्याच प्रश्नापायी मी कित्येक रात्री जागून काढल्यात, म्हणून लिहितेय.

आधी रक्त तपासून घ्या. श्रद्धेचं विचारलं आणि ही रक्ताचं सांगतेय असं वाटेल, पण माझ्या बाबतीत अर्धं दुखणं तिथंच होतं. पाळी जायच्या आधीची दोन वर्षं माझ्या अंगावरून फार जायचं, महिन्यातले दहा-दहा दिवस. चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, गुडघे टेकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, छाती धडधडायची. प्रार्थनागटातल्या एका बाईनं सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय, उपवास वाढव. मी ऐकलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, सगळा उपासकाळ, एकवेळ जेवले. ईस्टरनंतर चक्कर येऊन मोरीत पडले तेव्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन साडेसात. बाईमाणसाचं निदान बारा तरी असावं लागतं.

आमच्या फादरांना सांगितलं तर त्यांना फार वाईट वाटलं. चर्चच्या नियमाप्रमाणे उपवास बंधनकारक आहे तो दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही वयाच्या १८ ते ५९ पर्यंत, आणि आजारी माणसाला नाही. मला हे माहीत होतं. लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी स्वतः शिकवलंय. पण मन खचलं की माणूस स्वतःला शिक्षा करायला बसतो आणि तिला भक्ती म्हणतो.

तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, आणि बायकांच्या डॉक्टरांना भेटा. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर थेंबभर जरी अंगावर गेलं तरी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. लाज धरू नका. रात्री घामानं चिंब होऊन जाग येते ती इस्ट्रोजेन वर-खाली होत असतं म्हणून. त्यात पाप नाही.

माझी आई ह्यातून कशी गेली ते मला कधी कळलं नव्हतं. ती लाल लुगडं नेसायची, पहाटेच्या गाडीनं फुलांची टोपली घेऊन दादरला जायची. आमच्या वाडीत केळींच्या मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं होतं. मी बारावीत असताना एकदा रात्री उठले तर आई अंथरुणात नाही. शोधत गेले, तर बावखलाच्या पायरीवर लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन, पाय पाण्यात सोडून बसलेली. हातात माळ होती, पण ओठ हलत नव्हते. काय झालं विचारलं तर म्हणाली, झोप जा, उकडतंय. डिसेंबर होता. तिचं ते बसणं मला उलगडायला तीस वर्षं गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला शब्दच नव्हते तिच्याकडे. ते बावखलही आता बुजवलंय.

आता दुसरं अर्धं, जे गोळ्यांनी गेलं नाही. रक्त भरून आलं, अंगात ताकद आली, तरी प्रार्थना येईना. मग लक्षात आलं की पंचवीस वर्षं माझी प्रार्थना म्हणजे मुलांसाठीचं मागणंच होतं. ह्याचा ताप उतरू दे, तिला दहावीत चांगले मार्क पडू दे, विरार लोकलच्या दारात लटकू नयेत. लेक लग्न होऊन मालाडला गेली, मुलगा कॅनडाला. मागणं संपलं आणि देवाशी बोलायला विषयच उरला नाही. श्रद्धा तिथंच होती हो. जुनी बोली तेवढी संपली होती, आणि नवी अजून जिभेवर आली नव्हती.

फादरांनी मला ८८ वं स्तोत्र वाचायला दिलं. काढून बघा. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे. आणि तरी ते बायबलमध्ये आहे, प्रार्थना म्हणून आहे. मला रडू आलं, कारण असंही बोललेलं चालतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी रोझरीच्या पाच दशकांतलं, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या भागांतलं, एकच म्हणते, मागच्या दारी बसून. जड गेलं तर नुसती माळ धरून बसते, आईसारखी.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण खरं दुखतंय ते तिथंच, असं मला वाटतं. माझ्या मुलानं फोनवर सरळ सांगितलं, मम्मी, मी इथं चर्चला जात नाही. त्या रात्री मी संत मोनिकेशी फार भांडले. आपण तिचा सण २७ ऑगस्टला करतो, मुलासाठी रडणारी आई म्हणून. पण तिची ती किनाऱ्यावरची रात्र कुणी सांगत नाही. इ. स. ३८३ मध्ये तिचा मुलगा ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजहून रोमला निघाला. आई सोडेना, म्हणून मित्राला निरोप द्यायला जातोय अशी थाप मारली. ती बंदराजवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात रात्रभर प्रार्थना करत राहिली, आणि तो जहाजानं निघून गेला. सकाळी किनारा रिकामा. हे ऑगस्टीननं स्वतःच लिहून ठेवलंय. त्याआधी एका बिशपकडे ती सारखी जायची, माझ्या मुलाला समजवा म्हणून. बिशप म्हणाले, त्याला राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. पुढे ३८७ साली ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ती वारली, छप्पन्नाव्या वर्षी.

आपल्या मुलांचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण ते ‘राहू दे’ मी धरून ठेवलं. आधी दर रविवारी फोन लागला की माझा पहिला प्रश्न, मिस्साला गेलास का? मग तो गप्प, मी गप्प, दोन मिनिटांत फोन बंद. गेल्या रविवारी मी ते विचारलंच नाही. विचारलं, भात कसा लावतोस, पाणी किती घालतोस? तो भांडं दाखवायला मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेला, आणि पाऊण तास बोलत होता.