मूळ पेशींच्या इंजेक्शनांसाठी शेत गहाण ठेवावे का?

प्रश्न : उसाच्या ट्रॉलीवरून पडल्याने माझ्या धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला इजा झाली, दोन वर्षे त्याचे पाय हलत नाहीत. एका दवाखान्याने स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या (ज्यांपासून शरीरातील इतर पेशी तयार होतात) इंजेक्शनांसाठी साडेचार लाख रुपये सांगितले आहेत. शेत गहाण ठेवावे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेत गहाण ठेवू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या आजारांसाठीचे मूळ पेशींचे प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, तेवढेच प्रस्थापित उपचार मानले आहे. मज्जारज्जूच्या इजेसाठी या पेशी केवळ परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे रुग्णांवरील संशोधन-चाचणीतच वापरता येतात आणि तेथे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून दवाखान्याकडे ट्रायलचा सीटीआरआय (भारतातील क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.

संशोधन थांबलेले नाही. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतील पेशी चार जनुकांच्या साहाय्याने मूळ पेशींसारख्या बनवल्या आणि २०१२ च्या नोबेलचे ते मानकरी ठरले. परंतु पेशी तयार होणे वेगळे, आणि त्या इजेच्या जागी जगून योग्य चेतातंतूंशी जोडल्या जाणे वेगळे. अनिर्बंध वाढल्यास त्यांची गाठही होऊ शकते.

तोवर फिजिओथेरपी सोडू नका. अंथरुणावर असताना दर दोन तासांनी त्याची कूस बदला, आणि टाचा व माकडहाडाजवळची कातडी लाल तर झाली नाही ना, हे रोज उजेडात पाहा; ती दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात असू शकते.