सिरियलचा प्रोड्युसर व्हायचंय म्हणणाऱ्या लातूरच्या पोराला

बीए झालंय, डोक्यात सिरियलची गोष्ट तयार आहे, एकता कपूरसारखं व्हायचंय, मुंबईला कधी येऊ असं विचारलंयस. मी परभणीचा, ११ वर्षं मराठी सिरियलचे संवाद लिहिले, तेवढ्यावरून सांगतो.

एकताबाईंनी १९९४ ला बालाजी ही सिरियल बनवणारी कंपनी काढली, १९९५ ला झीवर ‘हम पांच’, मग जुलै २००० ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’, ते २००८ पर्यंत चाललं, १८०० च्या वर एपिसोड. बाई कर्तबगारच, पण वडील जितेंद्र होते हे विसरू नको गड्या, एखादा पायलट, म्हणजे चॅनलला दाखवायचा नमुना एपिसोड, आपटला म्हणून शेत विकायची वेळ येणार नव्हती.

प्रोड्युसर म्हणजे गोष्ट सांगणारा असं तुला वाटायलंय ना, तसं नसतं. चॅनल एपिसोडमागं ठरलेला रेट देतं तोही महिने उलटल्यावर, आणि सेटचं भाडं, लाइटवाले, जेवण, गाड्या हे रोजच्या रोज तुझ्या खिशातून. वर गोष्टीचे हक्क बहुतेक वेळा चॅनलकडंच.

म्हणून लिखाणातून शिर. रोजच्या सिरियलीत कथा, पटकथा, संवाद लिहिणारी माणसं वेगवेगळी असतात, २२ मिनिटांचा एपिसोड रोज द्यायचा, बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड, संपली की सेटवर बसून पानं लिहायची आणि नट शेजारी उभा राहून वाट बघतो. एकदा गुरुवारी टीआरपी पडला म्हणून आम्ही कोमातला सासरा रातोरात उठवला, त्या नटानं तोवर दाढी वाढवली होती, तीही गोष्टीत घ्यावी लागली. आणि मी आपल्या मराठवाड्याचं ‘काय करायलास’ लिहिलं की शूटला त्याचं ‘काय करतोयस’ व्हायचं, गावाकडचं म्हणजे यांना फक्त सातारा-कोल्हापूर माहीत.

लगेच मुंबई गाठू नको. संभाजीनगरला बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही जिगीषा नाट्यसंस्थेची मंडळी त्याच शहरात नाटकं करून मग मुंबईत गेली. दोन वर्षं एकांकिका कर, मग एखाद्या संवादलेखकाकडं असिस्टंट म्हणून चिकट.

गोष्ट कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडू नको, आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा मेंबर होऊन रजिस्टर कर, ऑनलाइन होतं. आणि १०० एपिसोडपर्यंत कुठं जाते ते एकेका ओळीत मांडून बघ, माझी पहिली गोष्ट चौदाव्यालाच संपली होती.