हेगची घाई नको
एलएलएम संपता संपता हेगला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात, अर्ज करत सुटू नकोस. आधी निकालपत्रं वाच. सारांश नव्हे, मूळ. सुरुवात अकायेसू खटल्यापासून कर: रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणारं संयुक्त राष्ट्रांचं न्यायाधिकरण, सप्टेंबर १९९८. वंशसंहारासाठी कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एखाद्याला दोषी ठरवणारा हा पहिला निकाल. बलात्कारही वंशसंहाराचं साधन असू शकतो, हे त्यात मान्य झालं. साक्षी कशा तोलल्या ते भाग सावकाश वाच. सिद्धान्त काय, पुस्तकांतही सापडतात.

प्राध्यापकी की प्रत्यक्ष काम, या पेचात पडू नकोस. आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यातले शेरीफ बस्सिओनी प्राध्यापकच होते. हेगचं न्यायालय जिथे ठरलं, त्या रोमच्या १९९८ च्या परिषदेत मसुदा समितीचे अध्यक्षही तेच.

फ्रेंच मात्र शीक, या न्यायालयांत ती लागते. कंटाळा चालणार नाही.

संशोधनासाठी विषय दूर शोधायला नको. रोम संविधीवर, म्हणजे त्या न्यायालयाच्या मूळ करारावर, भारताची सही नाही. वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्येच स्वीकारला, पण त्यासाठीचा देशांतर्गत कायदा केलाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारावरच्या २०१८ च्या सज्जन कुमार निकालात ही पोकळी स्पष्ट दाखवली. एका पीएचडीला एवढं पुरून उरेल!

पैशांचं म्हणशील, तर इंटर्नशिप बहुधा बिनपगारी आणि नेमणुका मुदतीच्या. घरी हे आत्ताच सांगून ठेव.