प्रार्थनेत देवाचं ऐकू कसं येईल?

प्रश्न : ताई, पुण्याच्या नोकरीचं पत्र आलंय आणि इथं शिवाजी पेठेत आई एकटी. प्रार्थनेला बसले की लाइटबिल, दूध, भावाचं बोलणं हेच डोक्यात फिरतं. देवाची इच्छा कळायची कशी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाळ, मनाला दटावू नकोस, ते आणखी बोलतं. जवळ वही ठेव. लाइटबिल आठवलं, लिहून टाक आणि परत प्रार्थनेला लाग. मी पहाटे, रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत बसते. बायबलमधलं स्तोत्र 131 सावकाश, मोठ्यानं वाचते. तीनच वचनं आहेत. मग काही मागत नाही. हेच अवघड. सुरुवातीला नुसती चुळबूळ होईल, होऊ दे.

बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवाची हाक तीनदा एलीची, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो सेवा करायचा त्या म्हाताऱ्या याजकाची वाटली. ती कुणाची हे शेवटी एलीनंच ओळखलं. म्हणून एकटीनं ठरवू नकोस. चर्चच्या पाळकांशी बोल, आणि आधी आईला विचार. तिला काय हवंय, हे तुझ्या पत्रात कुठंच नाही! छातीत धडधड वाढवणाऱ्या घाईला मी देवाचा आवाज मानत नाही. रोजच्या प्रार्थनेत जे उत्तर टिकून राहतं, ते धर. कंपनीकडून आठ दिवसांची मुदत मात्र आजच मागून घे.